पावडरची पोती

गिरिजानं इस्त्रीचं टेबल उंच केलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि सोफ्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. त्र्यंबकरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "आणि मराठीत."

"बाबा, उद्या मला समितीपुढे प्रबंध इंग्लिशमध्ये डिफेंड करायचाय."

"उद्याचं उद्या. मराठीत सांगता आलं म्हणजे विषय कळलाय असं मी धरीन."

ती हसली. तिचा नवरा यशोधन सकाळच्या ट्रेननं न्यूयॉर्कला गेला होता आणि वेस्ट विंडसरच्या त्या घरात दुपारी दोघंच होती. तीन महिन्यांपूर्वी नागपूरहून आल्यापासून त्र्यंबकराव रोज चारला चहा करत, तिच्या खोलीच्या दाराशी कप ठेवत आणि परत जात. ती नेमका कशावर प्रबंध लिहिते आहे, हे त्यांनी आजवर विचारलं नव्हतं. विचारलं तर तिच्यावर दडपण येईल, असं त्यांना वाटे.

गिरिजानं सुरुवात केली. युरोपातल्या शेजारी देशांनी मिळून शेतीसाठी एकच धोरण केलं. युद्धात उपाशी राहिलेली माणसं होती ती. शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळणारच. माल कुणी घेतला नाही, तर सगळ्यांच्या पैशातून तो विकत घ्यायचा. शेतकरी निर्धास्त झाले. गोदामं लोण्यानं आणि दुधाच्या पावडरनं भरली. मग तो माल स्वस्तात, कधी फुकट, बाहेरच्या देशांत जाऊ लागला.

"आता ते बदललंय," ती म्हणाली. "आता भावाऐवजी जमिनीप्रमाणे मदत मिळते. ज्याची जमीन मोठी, त्याला जास्त. पण मी बघतेय ते आधीचं. तो माल जिथे गेला, तिथल्या दूधवाल्यांचं काय झालं ते."

पुढच्या स्लाइडवर एका गोदामाचा जुना फोटो होता. त्र्यंबकराव पुढे वाकले.

"ही पोती आमच्याकडे यायची."

"डेअरीत?"

"हो. तीन पदरी कागद आणि आत प्लास्टिक. वरची भाषा कुणालाच वाचता यायची नाही. त्या पावडरीवरच आमची डेअरी उभी राहिली. त्यातून केलेलं दूध शहरात विकायचं आणि त्या पैशातून गावोगाव दूध गोळा करायची सोय करायची. अठ्ठाविसाव्या वर्षी लागलेली माझी नोकरीही त्यातलीच."

सासरे डेअरीत केमिस्ट होते, एवढंच गिरिजाला ठाऊक होतं. तिनं लॅपटॉप तसाच सोडला आणि त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"मग चांगलंच झालं की, बाबा."

"झालं ना. पण थंडीत गावचं दूध वाढायचं. तेव्हा पावडर थांबवायला हवी होती. ती स्वस्त पडायची, म्हणून साहेब म्हणाले, चालू ठेवा. मग गावचं दूध जास्त व्हायला लागलं. आठवड्यातून दोन दिवस ते परत पाठवायचं ठरलं. परतीच्या चिठ्ठीवर केमिस्टची सही लागायची."

त्यांनी गुडघ्यावरचं घड्याळ सरळ केलं.

"एक बाई यायची. सात मैल चालत. कॅनच्या झाकणाखाली ओलं फडकं लावलेलं असायचं. भांडली नाही कधी. चिठ्ठी घेतली आणि विचारलं, उद्या आणू का? मी पुढच्या चिठ्ठीवर सही केली. महिन्याभरानं तिनं म्हैस विकल्याचं कळलं."

गिरिजानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, हे सगळं तिकडे युरोपात, ब्रसेल्समध्ये ठरत होतं. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे होतात. तुमच्या हातात काय होतं?"

"हे तू अभ्यास केलास म्हणून म्हणतेस, की माझी सून आहेस म्हणून?"

गिरिजानं हात मागे घेतला.

"शेजारच्या तालुक्यात वझलवार म्हणून केमिस्ट होते," त्र्यंबकराव म्हणाले. "त्यांनी थंडीभर पावडर घ्यायला नकार दिला. लेखी. त्यांची बदली झाली, पण त्यांच्याकडचं दूध परत गेलं नाही. जा, उरलेलं सांग. अकरा मिनिटं झालीत."

दुसऱ्या दिवशी ते यशोधनबरोबर विद्यापीठाच्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते. गिरिजा न अडखळता बोलली. शेवटी समितीतल्या एका वयस्क प्राध्यापिकेनं चष्मा वर करून विचारलं, "तुमच्या मांडणीत स्थानिक डेअऱ्या नुसत्या सोसताना दिसतात. त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं?"

गिरिजाच्या चौथ्या प्रकरणात याचं उत्तर एकाच शब्दात छापलेलं होतं. नव्हतं. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. त्र्यंबकराव ताठ बसून तिच्याकडेच पाहत होते. तिनं पाण्याचा घोट घेतला.

"माझ्या प्रकरणात तसं लिहिलंय," ती इंग्रजीत म्हणाली, "पण ते पूर्ण खरं नाही. काही ठिकाणी त्यांच्या हातात होतं. एका डेअरीनं पावडर नाकारली. तिच्या शेजारच्याच डेअरीनं नाही नाकारली. हे मला कालच कळलं, एका माणसाकडून. मला ते प्रकरण पुन्हा लिहावं लागेल."

प्राध्यापिकेनं कागदावर काहीतरी टिपलं. अर्ध्या तासानं त्यांनीच बाहेर येऊन तिचा हात हातात घेतला, तिला डॉक्टर म्हटलं आणि चौथ्या प्रकरणासाठी दोन महिने दिले.

यशोधन गाडी आणायला पुढे गेला. त्र्यंबकरावांनी तिच्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग काढून आपल्या खांद्याला लावली. पार्किंग लॉटपाशी गिरिजा थांबली.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं का?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तो तसाच राहू दिला.

"ते वझलवार नागपुरात सीताबर्डीला राहायचे," ते म्हणाले. "बदलीनंतर मी त्यांना भेटलो नाही. नंबर मिळेल का कुठून?"

"शोधू आपण. काय बोलणार त्यांच्याशी?"

"ते त्यांनी फोन उचलला तर बघू."