काचघरावरचा बीच

मिसेस प्रॉबर्टच्या काचघरावर बीचचं प्रचंड झाड कललं होतं. क्रेनशिवाय जमणार नाही म्हणत झाडं तोडणाऱ्या मोठ्या कंपनीने हात वर केले होते, आणि वेल्समधल्या त्या अरुंद गल्लीत क्रेन शिरतच नव्हती. झाडं तोडण्याचाच छोटा धंदा करणाऱ्या ग्लेनिसचा लहानसा ट्रक मात्र आरसे मिटून शिरला.

झाडावर चढणारा तिचा गडी एमरिस याचा पाय मुरगळला होता. म्हणून अठ्ठावन्न वर्षांच्या ग्लेनिसने स्वतःच कमरेला पट्टा आवळला.

"बॉस, गुडघ्यांना विचारलंत का?" एमरिस म्हणाला.

"तू दोर सांभाळ. गुडघे माझे आहेत!"

दिवसभर ती एकेक फांदी कापत गेली आणि एमरिस दोराने अलगद उतरवत गेला. शेवटचा ओंडका टेकताच तिने करवत बंद केली.

"काचा मोज रे!"

"सगळ्या शाबूत!"

दहा वर्षांनी झाडावर चढलेली ग्लेनिस उरलेल्या बुंध्याला मिठी मारून खदखदून हसली.