विमानाने गेलेली करंडी

एकनाथ सांताक्रूझच्या विमानतळावर मालाच्या गोदामात कारकून होता. पण शनिवारी आपल्या गावी, आगाशीत पाऊल टाकलं की थाट असा, जणू विमानं हाच उडवतो. ओटीवर बसला की थोरल्या भावाशी, हरिश्चंद्रदादांशी, त्याची जुंपलीच म्हणून समजा.

"चाळीस वर्षांत सुधारलं काय रे?" दादा पान चघळत विचारायचे. "मी लहान असताना अर्नाळ्याच्या वाळूत एक विमान उतरलं. बिघडलं, तर बैल लावून ओढलं. तेव्हाही पुढे पंखा, आताही पंखा. तेव्हाही बिघडायचं, आताही बिघडतं."

"दादा, ती कापड-कामट्यांची खेळणी! आता सकाळी इथून निघालेला माणूस दुपारी दिल्लीत जेवतो."

त्या वैशाखात दादांच्या मंदाचं डोहाळजेवण दिल्लीला, सासरीच ठरलं. पहिलटकरीण खरी माहेरी यायची, पण डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं. पोरीचं एकच मागणं होतं. ओटी भरायला येणाऱ्या बायकांना विडा आपल्या वाडीतल्या पानांचाच द्यायचा.

तिच्या आईने, आनंदीबाईंनी, स्वतः पानं खुडली. आगाशीची पानं आगगाडीने दिल्लीला जाताना बांधतात तशीच करंडी बांधली. खाली केळीच्या खोडाची ओली सोपटं, मधे वाऱ्याला जागा, वर स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा ओला तुकडा.

"भावजी, विमानाने म्हणता तर विमानाने. पण मंदाचं माहेर आहे हो यात. सांभाळा."

गोदामात करंडी ठेवली तर खाली पाण्याचं थारोळं. बरोबरचा फर्डिनंड हसला. "काय एकनाथ, विमानातून मासळी पाठवतो काय?"

एकनाथचे कान तापले. काही तासांचा तर प्रवास, त्याला ही गावंढळ फडकी कशाला? त्याने सोपटं उपसून फेकली, लुगड्याचा तुकडा आपल्या पिशवीत कोंबला, पानं कोरड्या कागदात घट्ट दाबली आणि करंडी शिवून टाकली. आता कशी साहेबी दिसत होती!

विमान अहमदाबादला उतरलं आणि इंजिन रुसलं. दीड दिवस उन्हात उभं राहिलं.

पुढच्या शनिवारी एकनाथ गावी आला, पिशवी ओसरीवर टाकून वाडीत गेला. संध्याकाळी जावयाचं कार्ड आलं. जमलेल्या बायकांत मंदाने हौसेने करंडी उघडली होती, आणि कुजका वास घरभर सुटला. बायकांनी नाकाला पदर लावले. पोर पाटावरून उठली आणि आत जाऊन रडली.

दादांनी कार्ड खाली ठेवलं. "बघ. हे तुझं सुधारलेलं विमान."

आगगाडीत दोन दिवस टिकणारी पानं वहिनींच्या बांधणीत दीड दिवस सहज टिकली असती. विमान बिघडलं हे खरं, पण पानं उबवली ती यानेच. तेच सांगायला एकनाथने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"खरं आहे, दादा. विमानांत काही राम नाही."

इतकी वर्षं ज्याची बाजू घेऊन भांडला, त्या मुक्या यंत्रावर सगळा आळ टाकून हा मोकळा! स्वतःचे शब्द ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विमानाला कशाला बोल लावता?" दारातून वहिनी म्हणाल्या. "माझीच बांधणी सैल पडली असेल. हात थकले आता. पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणाकडून बांधून घ्या."

इतकं ऐकूनही या बाप्याने ती चूक वहिनींच्याच माथी राहू दिली. मग दादांच्या नजरेसमोर बसवेना, म्हणून तोंड धुवायला विहिरीवर गेला.

तिथे दोरीवर त्याचे कपडे वाळत होते. वहिनींनी नेहमीसारखी त्याची पिशवी दुपारीच धुण्यासाठी रिकामी केली होती. सदऱ्याशेजारी लुगड्याचा हिरवा तुकडा होता, स्वच्छ धुतलेला.

मागून वहिनी कळशी घेऊन आल्या.

"वहिनी..."

"वाळला की घडी घालून ठेवा, भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या करंडीला लागेल."