शेपूट नसलेला सहा

सुरू करण्यापूर्वी

लकडगंजात आरागिरण्यांच्या मागच्या गल्लीत, एका शनिवारी सकाळी, शंभर-सव्वाशे माणसं कपडे धुण्याच्या यंत्राकडे बघत बसली होती. साल अठ्ठ्याऐंशी.

यंत्राला झेंडूचा हार. झाकणावर हळदकुंकू. वायर भिंतीतल्या प्लगमध्ये गेलेली आणि प्लगलाही कुणीतरी उदबत्ती खोचलेली. आत धोंडबांची सोलापुरी चादर. धोंडबा आरागिरणीत कामाला होते. मार्चमध्ये वारले, त्रेसष्टाव्या वर्षी.

यंत्रानं चादर पिळायला घेतली. घरघर वाढली. मग धाड, धाड, धाड. यंत्र अंगात आल्यासारखं हादरलं, जागचं वीतभर सरकलं. बायांनी हात जोडले. धाड! थांबलं. तीनदा पीं पीं पीं झालं आणि वरच्या काळ्या पट्टीवर लाल उजेडात आकडा उमटला.

६३

"आले!" भैयाजी महाराज उठून उभे राहिले. "धोंडबा आले! कितव्या वर्षी गेले गा धोंडबा?"

"त्रेसष्टाव्या!" सगळ्यांनी सांगितलं.

"आन् आकडा कोणता?"

"त्रेसष्ट!"

"माणूस खोटं बोलेल, मशीन खोटं बोलते का? जपानची मशीन आहे ही! जपानले धोंडबाचं वय कोणं सांगितलं?"

मागच्या नळीतून फेसाळ पाणी बादलीत पडत होतं. ते तीर्थ. लोक बाटल्या घेऊन रांगेला लागले.

मी दारात उभी होते. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातली नर्स, हातात ड्रेसिंगची पिशवी. धोंडबांच्या बायकोला, पार्वतीबाईंना, साखरेचा आजार आणि पायाच्या अंगठ्याला जखम. तीन आठवडे त्या फिरकल्या नव्हत्या म्हणून आले होते. चमत्कार बघायला नव्हते आले. पण खोटं कशाला सांगू, मलाही त्रेसष्टच दिसलं.

६।

हा पहिला आकडा. मे महिन्यातला. मला नंतर कळला, तसा सांगते.

पार्वतीबाईंचा एकुलता मुलगा विश्वनाथ आखातात वेल्डर. बापाच्या तेरवीला त्याला सुट्टी मिळाली नाही. दोन महिन्यांनी हे खोकं आलं. सोबत चिठ्ठी: "आई, आता हातानं धुऊ नको." माणूस यायचा होता, यंत्र आलं. एकटीचं धुणं ते किती! तरी पोराची वस्तू म्हणून बाईंनी ते बैठकीच्या खोलीत मांडून घेतलं, वायरमनकडून प्लग बसवून घेतला आणि बटण दाबलं. तेवढ्यात गल्लीतला नळ गेला. यंत्रानं पाण्याची वाट पाहिली, पीं पीं केलं आणि पट्टीवर उमटलं: सहा, पुढे एक उभी रेघ.

बाई मराठी दुसरीपर्यंत शिकलेल्या. घाबरून त्यांनी शेजारच्या भैयाजीला बोलावलं. भैयाजी तेव्हा नुसता भैयाजी होता. हात बघायचा, पण आता लकडगंजात कुणी त्याच्यापुढे हात धरत नव्हतं.

त्यानं आकडा पाहिला. खोक्यातलं पुस्तक पाहिलं. "याचं वाचन करा लागते," म्हणाला आणि दोन दिवस घरी घेऊन गेला. परत आला तो कपाळभर भस्म लावून.

"सहा," तो म्हणाला. "आन् पुढं काय आहे, बाई? दंड! उभा दंड! सहा शनिवार दंड भरा लागते."

"काय भरू, बावा?"

"धोंडबाची चादर मशीनमध्ये धुवायची. एकटी. मेलेल्याच्या कपड्याले जित्याचा कपडा लागला नाही पाहिजे. ते सोतः येऊन आकडा देतीन."

पुस्तक त्यानं लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. "ही मशीनची पोथी. उघडली का शक्ती गेली."

पहिल्याच शनिवारी धोंडबा आले. दुसऱ्या शनिवारी वीस माणसं आली. सहा शनिवारांचा दंड फिटून पुढचे तीनही उलटले होते. भैयाजी आता महाराज होता आणि या घराचा मठ करायचा, हे त्यानं गल्लीत सांगून टाकलं होतं.

६२

हा आकडा त्या घरात कधी उमटला नाही. पुढे चला.

६३

तीर्थाची रांग लागली तशी मी पार्वतीबाईंपाशी जाऊन बसले. त्या यंत्राला टेकून बसल्या होत्या, नव्या पाटावर. पायाला ओलं फडकं.

"काहून आली वं सिस्टर? तीर्थ पाहिजे का?"

"पाय दाखवा, मावशी."

"चांगला आहे पाय. दुखत बी नाही आता."

साखरेच्या रोग्यानं 'दुखत नाही' म्हटलं तर पाय बरा नव्हे, बधिर झालेला असतो. फडकं सोडलं. त्या साबणाच्या पाण्यात भिजवलेलं होतं. वास आला. अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा पावलाकडे सरकू लागला होता.

"गोळ्या?"

"बंद केल्या. महाराज म्हणते, बोलावणं आलेल्यानं औषध घेऊ नये. वाटेत अडकते जीव. मले बी हे त्रेसष्टावंच चालू आहे, सिस्टर."

"आणि तुम्ही ऐकलंत? कुणी सांगितलं विहिरीत उडी घ्या—"

"रागावू नको वं." त्या हळू बोलू लागल्या, गर्दीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "आमचा जलमभर छत्तीसचा आकडा. तीनच्या पाठीले सहाची पाठ. शेवटची चार वर्सं तर यायनं माह्याशी बोलणंच टाकलं होतं. भाजीत मीठ कमी असलं तं ताट सरकवत, सांगत नसत. तसेच गेले. आन् आता पाह्य. सहा आन् तीन. एकमेकांकडं तोंड करून बसले आहेत का नाही? मेल्यावर का होईना, माह्याकडं तोंड केलं यायनं."

मी पिशवीतून कापूस काढला.

"आन् याच्या आधी कोण येत होतं वं ह्या घरी? दूधवाला बी कडी वाजवून भांडं ठेवून जाये. आता पाह्य, चपला ठेवाले जागा नाही."

मी मान खाली घालून जखम धुऊ लागले. तो पाय आणखी आठवडाभर थांबणार नव्हता. आज दवाखान्यात नेला तर अंगठा जाईल. पुढच्या शनिवारी नेला तर पाऊल. त्यापुढच्या शनिवारी न्यायला बाईच उरणार नाहीत.

खाली बसल्यामुळे ती पट्टी अगदी डोळ्यांसमोर आली होती. आकडा अजून पेटलेला. काडेपेटीच्या काड्या मांडाव्यात तसे सरळ, कोनदार तुकडे. तीन ठीक होता. सहाला मात्र शेपूट नव्हतं.

आपला सहा खाली वळसा घेतो, शेपटी सोडतो. हा सोडत नव्हता. एक उभी काडी, तीन आडव्या. याला मी रोज बघते. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर, ज्यांना वाचता येत नाही त्यांचे डोळे तपासायचा तक्ता आहे. त्यावर हेच एक अक्षर, कधी उताणं, कधी पालथं. रोज मी माणसांना विचारते, याचे दात कुठल्या बाजूला? आणि माझ्यासमोर ते पेटून बसलं होतं, तर मला सहा दिसला. कारण शंभर माणसांनी त्याला आधीच सहा म्हटलं होतं.

E3

मी उठले, देव्हाऱ्यातलं लाल फडकं सोडलं.

"ओ बाई! हात नका लावू!" भैयाजी धावला. "पोथी आहे! शक्ती जाईन!"

"जाऊ दे. दोन दिवस तुमच्या घरी होती तेव्हा गेली नाही, तर आता कशी जाईल?"

एक पान इंग्रजी, समोरचं कसल्यातरी चित्रलिपीत. शेवटाकडे एक तक्ता होता: खूण, कारण, उपाय. तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारलेली होती.

मी मोठ्यानं, मराठी करत वाचलं.

"ई एक. पाणी येत नाही. नळ तपासा." थांबले. "हा तुमचा दंड, महाराज. नळ गेला होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ई तीन. पिळताना कपड्यांचा भार एका बाजूला गेला आहे. झाकण उघडून कपडे सगळीकडे सारखे पसरा. जड चादर एकटी धुऊ नका. सोबत इतर कपडे घाला." पुस्तक मी गर्दीकडे फिरवलं. "ही पेन्सिल कुणाची?"

भैयाजी म्हणाला, "इंग्रजीत छापलं म्हणजे खरं झालं का?"

"नाही झालं," मी म्हटलं. "म्हणून करून बघू. एखादी जड वस्तू द्या कुणीतरी. जिवंत माणसाची."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. समोर लाकडाच्या वखारीवाले नत्थूजी घरून आणलेल्या सतरंजीवर ऐसपैस बसले होते. त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. "उठा ना! तुमचीच द्या."

"माही काहून? माह्यं काही झालं म्हंजे?"

"काही होत नाही. द्या!"

यंत्रातली चादर काढून बाजूला ठेवली, सतरंजी बादलीत बुचकळून आत टाकली. नुसतं पिळायचं बटण दाबलं. घरघर. धाड, धाड, धाड. यंत्र सरकलं, थांबलं. पीं पीं पीं. पट्टीवर तोच आकडा.

मग मागून एक आवाज आला, "नत्थूजी, तुम्ही कधी वारले गा?"

"सकाळी तं तीन भाकरी खाल्ल्या याहीनं!" बायको म्हणाली, आणि सगळी खोली फुटली. नत्थूजी स्वतःच्या मनगटाची नाडी बघत होते, ते पाहून लोक आणखी हसले.

"सतरंजीले चादरीची हवा लागली!" भैयाजी हात वर करून ओरडत होता. "एकाच मशीनमध्ये—"

"मग उलटं करू," मी म्हटलं. "धोंडबांचीच चादर घालू. पण पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, सोबत इतर कपडे."

"खबरदार! जित्याचा कपडा—"

पार्वतीबाई उठल्या. भिंत धरून, टाच टेकवत आतल्या खोलीत गेल्या. दोन लुगडी घेऊन आल्या, ती बादलीत बुडवली. सतरंजी काढून चादर आत घातली, तिच्याभोवती लुगडी स्वतःच्या हातानं पसरली. मी मदत करायला गेले तर माझा हात बाजूला केला.

"जलमभर एकाच दोरीवर वाळले यायचे आन् माहे कपडे," त्या भैयाजीला म्हणाल्या. "आता काहून नाही?"

झाकण लावलं. बटणही त्यांनीच दाबलं.

यंत्र घरघरलं. वेग वाढला, आणखी वाढला. धाड नाही. हार हलत राहिला, यंत्र जागच्या जागी राहिलं. एक लांब पीं झाली. पट्टी काळीच. काही उमटलं नाही.

भैयाजी कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. लोकही उठले, आपापल्या बाटल्यांकडे ओशाळून बघत. कुणी ती मोरीत रिकामी केली, कुणी पदराखाली लपवून तशीच नेली. पाव तासात खोलीत आम्ही दोघी आणि नत्थूजींची ओली सतरंजी.

"म्हंजे ते नाही आले," पार्वतीबाई म्हणाल्या.

"नाही, मावशी."

"एकदा बी नाही?"

मला सहज म्हणता आलं असतं, कुणी सांगावं, एखाद्या वेळी आले असतील. तिथे कुणी ऐकायला नव्हतं. "एकदाही नाही," मी म्हटलं.

त्यांनी झाकण उघडून चादरीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलाव."

यंत्र वापरात नसताना

अंगठा गेला. पाऊल वाचलं.

दवाखान्यात त्या अठरा दिवस होत्या. भेटायला नत्थूजी एकदा आले, सतरंजी कुठे आहे ते विचारायला. ज्या शंभर जणांनी त्या घरी चपला काढल्या होत्या, त्यांतलं दुसरं कुणी आलं नाही. गल्लीत मला बघून बाया दार लावून घेत. माझं म्हणणं खोटं होतं म्हणून नव्हे. शनिवार रिकामा झाला होता.

आता दर शनिवारी मी माझं धुणं पिशवीत घालून लकडगंजात जाते. माझ्या घरीही एकीचेच कपडे निघतात. पार्वतीबाई गोळी घेतात, मी जखम बघते, मग आम्ही दोघींचे कपडे यंत्रात घालतो. परवा ते पिळून थांबलं तेव्हा त्यांनी सवयीनं पट्टीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग दोघींचे कपडे एकाच दोरीवर वाळत घातले.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. न कळणारी खूण दिसली तर ती शंभर जणांना काय दिसते ते विचारू नका. ज्यानं वस्तू केली त्यानं काय लिहिलंय ते वाचा आणि त्याचंही खरं मानू नका, करून बघा. एकदा सुलट, एकदा उलट. पायाला जखम असेल तर डॉक्टरकडे जा. गोळी बंद करा म्हणणारा कुणाच्याही नावानं बोलत असो, त्याला दाराबाहेर काढा. जी पोथी उघडू नका म्हणून सांगतात, ती आधी उघडा.

आणि उघडून झाल्यावर, ज्याचा चमत्कार तुम्ही काढून घेतलात, त्याच्या घरातून लगेच उठून जाऊ नका.