सातवी ‘ब’ची सगळ्यांची गोष्ट

आमच्या कोथरूडच्या शाळेत नवीन काही आलं की आधी त्याचा फ्लेक्स लागतो, अर्थ मागाहून कळतो. यंदा ‘सहसर्जन’ आलं. नवे मुख्याध्यापक सलिल सर यांनी सातवी ‘ब’च्या प्रत्येक मुलाला टॅब दिला आणि मला, म्हणजे मराठीच्या बाईंना, गप्प बसायला सांगितलं. सगळ्या वर्गाने मिळून एक गोष्ट लिहायची. टॅबवर कुणीही वाक्य लिहावं, ते मोठ्या पडद्यावर उमटेल. ज्या वाक्याला मुलांचे जास्त लाल बदाम, म्हणजे ‘लाइक’, मिळतील ते राहील, बाकीची पुसली जातील. लाजरी मुलंही लिहिती व्हावीत म्हणून लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच दिसणार नाही, मलासुद्धा नाही.

“शिक्षकाने मध्ये बोट घालायचं नाही,” सर म्हणाले.

खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मी हरखून गेले. ज्यांच्याकडून चार ओळींचा निबंध काढताना माझा घसा बसायचा, ती पोरं मधल्या सुट्टीतही लिहीत होती. गोष्ट खडकवासला धरणावरच्या सहलीची होती. सहलीत एक मुलगी होती, तिला नाव नव्हतं.

मग त्या मुलीला एकेक लक्षण चिकटायला लागलं. आधी तेल चोपडलेल्या दोन वेण्या आल्या. मग डब्यात भाकरी-ठेचा आला. मग ती बोलली, ‘मला पाण्याचं भ्या वाटतंय, मी न्हाय येणार’, आणि वर्ग खो खो हसला. बदाम थांबेनात. मी उत्कर्षाकडे पाहिलं. ती जूनमध्ये हडपसरच्या पलीकडून आली होती. वडिलांनी शेत बिल्डरला देऊन इथे फ्लॅट घेतला होता. वर्गातलं कुणी तिला डब्याला बोलवत नसे. तीही हसत होती. मला ते बघवेना.

मी सरांकडे गेले. “ती मुलगी म्हणजे आपली उत्कर्षा आहे. आणि वर्ग तिला रोज थोडं थोडं धरणाकडे ढकलतोय.”

“मॅडम, तुम्हाला मराठीवाल्यांना सगळीकडे रूपकं दिसतात. शुक्रवारी पालक येतायत. शेवट मुलांनाच ठरवू द्या.”

“छान. फ्लेक्स तुम्ही वाचा, गोष्ट मी वाचते,” मी म्हणाले आणि निघाले. माझं डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोष्टीतली मुलगी पाण्याच्या काठावर एकटी उभी होती. मी उत्कर्षाला व्हरांड्यात नेलं. नव्या पद्धतीत वर्गाला भिंतीऐवजी काच असते, त्यामुळे पडदा तिथूनही दिसत होता.

“घाबरू नकोस, बाळा. हे कोण लिहितंय ते मी शोधून काढते.”

ती मान खाली घालून ऐकत होती, अंगठा टॅबवर चालू होता. पडद्यावर नवं वाक्य आलं: ‘ती एक पायरी खाली उतरली.’ मी तिच्या टॅबकडे पाहिलं. तेच वाक्य होतं.

“उत्कर्षा, तू?”

“तिचं सगळं मीच लिवलंय, बाई. आधी चांगलं लिवलं व्हतं. आमच्या विहिरीचं, कालवडीचं. एक बी राहिलं न्हाय, सगळं पुसलं. हे राहतंय.”

आत पोरं ओरडायला लागली, “पुढे! पुढे!” तिचा चेहरा असा उजळला की मी तिच्या हातातून टॅब हिसकावून घेतला.

“द्या ना, बाई! शेवट मी चांगला करणार हाय. सगळी तिला हात देत्यात, वर घेत्यात.”

मी टॅब परत द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात पडद्यावर वाक्य आलं: ‘बस सुटली. ती नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.’

उत्कर्षा काचेला जाऊन चिकटली. “हे मी न्हाय लिवलं,” ती म्हणाली.

आत माझी सातवी ‘ब’ बदामावर बदाम देत होती.