कोपऱ्यातले पंख

पडद्यावर फोटो उमटला आणि हॉलभर एकच "आहा!" झालं. काळंभोर आकाश, त्यात मीठ सांडावं तशा चांदण्या, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक तारा चक्क पंख पसरून बसलेला. दोन्ही बाजूंना दोन पंख, मधे इवलीशी शेपूट. पुढच्या रांगेतल्या बेकरीवाल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, हलतंय! हलतंय!" फोटो हलत नसतो, हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या मावशीने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"हे पंख ताऱ्याचे नाहीत," नभगुरू माइकमध्ये कुजबुजले. "ताऱ्यात मुक्कामाला आलेल्याचे आहेत."

नभगुरू हे त्यांचं जन्मनाव नसणार, पण तिथे सगळे त्यांना तसंच म्हणत. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल त्यांनी भाड्याने घेतला होता. खाली सोफे विकले जात आणि वर आत्मे. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आवाज लोण्यासारखा. "लेन्स आपण निवडत नाही, लेन्स आपल्याला निवडते," हे त्यांचं लाडकं वाक्य. ती लेन्स दर वेळी नेमकी त्यांच्याच कपाटातून निघे, हा योगायोग कुणाला खटकत नव्हता.

मी चष्मे विकतो. दिवसभर लोकांना नीट दिसत नाही म्हणून माझं पोट भरतं, त्यामुळे नसलेलं दिसणारी माणसं मला नवी नाहीत. मी त्यांना चिडवतो, नंबर तपासतो आणि घरी पाठवतो. पण इथे मावशी होती, तीच मला हट्टाने घेऊन आली होती. तिला चिडवून घरी पाठवण्याची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही.

मावशी शाळेत भूगोल शिकवायची. काका आणि ती, दोघांचं ठरलं होतं: निवृत्तीनंतर दूरच्या वाळवंटात जायचं, जिथे रात्री गावाचा एकही दिवा दिसत नाही, आणि आकाशगंगेचा फोटो काढायचा. त्यासाठी काका वाइड अँगल लेन्स शोधत होते. रुंद हवी, म्हणजे अख्खं आकाश मावेल. अंधारात भरपूर उजेड आत घेणारी हवी. आणि प्रवासात खांदा मोडणार नाही इतकी हलकीही हवी. उजेड घेणारी मिळे ती जड निघे, हलकी मिळे ती उजेड घेत नसे. काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. "मला बघायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या," असं मावशी सगळ्यांना सांगायची.

लेन्स घेण्याआधीच काका गेले.

वर्षभराने मावशीने हिय्या केला. दोघांचं बुकिंग तसंच होतं, तिने ते पुढे ढकलून ठेवलं होतं. एकटी तर एकटी, पण जायचं, असं तिने ठरवलं. आता फक्त लेन्स हवी होती. 'प्रवासासाठी आणि रात्रीच्या आकाशासाठी लेन्स कशी निवडावी' अशी पाटी वाचून ती फर्निचरच्या दुकानाचा जिना चढली, आणि उतरली ती काका भेटतील ह्या आशेने. पुढच्याच बैठकीला तिने मलाही नेलं आणि तिथून लेन्स घेतली.

"वरच्या डाव्या कोपऱ्यात आहेत," दोन दिवसांनी तिने मला फोनवर सांगितलं. "आपल्या गच्चीवरूनच दिसले. नभगुरू म्हणतात, ते ह्या घरावर मुक्कामाला आहेत. मी लांब गेले तर त्यांची चुकामूक होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे मी जात नाही. रद्द करते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गिऱ्हाइकाच्या चष्म्याची एकच काच पुसत बसलो. मला राग आला होता. बाई वर्षभर घरात कोंडून घेऊन बसली होती, आत्ता कुठे दार उघडत होती, आणि ह्या खिसेवाल्याने ते बाहेरून लावून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. तिने नभगुरूंकडून घेतलेली लेन्स दाखवली. जाडजूड, चकचकीत, आणि गळ्याभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"ही पट्टी कसली?"

"ती काढायची नाही. सील आहे. लेन्सचा डोळा पूर्ण उघडा राहिला पाहिजे, तरच आत्मा येतो."

"आणखी काही पथ्य?"

"त्यांना फोटोच्या मधे आणायचं नाही. आत्मे संकोची असतात. कडेकडेने राहतात."

मी कपाळाला हात लावणार होतो, पण तसाच थांबवला. जाड नंबराच्या चष्म्यातून दिव्याकडे बघा. काचेच्या मधून बघितलं तर दिवा दिव्यासारखा दिसतो, कडेने बघितलं तर ओढल्यासारखा, फाटल्यासारखा. गिऱ्हाईक रोज तक्रार करतात. आजवर एकानेही "माझ्या चष्म्यात आजोबा आलेत" असं म्हटलेलं नाही. कॅमेऱ्याच्या लेन्समधलं मला फार कळत नव्हतं, पण कड म्हणजे कड. आता हे मावशीला सांगायचं कसं? वाद घातला असता तर "तू चष्मे विक" एवढं बोलून ती आत गेली असती.

म्हणून मी वेगळंच विचारलं. "मावशी, काकांचा फोटो काढताना तू त्यांना कधी कोपऱ्यात उभं केलंस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "मधेच ठेवायचे. कडेला ठेवलं की चेहरा लांबट यायचा, मग चिडायचे."

"मग आता का कोपऱ्यात ठेवतेस?"

तिने कॅमेरा आणि तिपाई उचलली आणि गच्चीवर गेली. मी मागोमाग. नुकतं अंधारलं होतं. खालच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. तिने नेहमीचा फोटो काढला: वरचा डावा कोपरा, पंख. "हे बघ, आहेत," ती हळूच म्हणाली. मग तिने कॅमेरा जरासा वळवला, तोच तारा बरोबर मधोमध आणला आणि पुन्हा बटण दाबलं.

मधे नुसता ठिपका होता. स्वच्छ, टोकदार ठिपका. आणि डाव्या कोपऱ्यात आता भलताच एक तारा सरकून आला होता. त्याला पंख फुटले होते.

मावशीने आणखी एकदा वळवला. कोपऱ्यात येईल त्याला पंख, मधे येईल त्याचे गायब. ती पुन्हा पुन्हा करून बघत राहिली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं अजिबात वाटलं नाही.

शेवटी तिनेच तोंड उघडलं. "मला आधीच कळायला हवं होतं रे. हे बल्ब बदलायला स्टुलावरसुद्धा चढत नसत. ते कुठले एवढ्या उंचावर जाऊन बसतायत?" आणि ती हसली, आणि हसता हसता रडली.

मधल्या दिवसांत काकांनी लेन्सबद्दल लिहून ठेवलेली टिपणं तिने वाचून काढली, आणि पुढच्या बैठकीला ती पहिल्या रांगेत बसली. हॉल गच्च भरला होता, खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. नभगुरूंचा शिरस्ता असा, की ज्यांना कोणी 'भेटलं' त्यांनी पुढे यावं, आपला कॅमेरा वायरने पडद्याला जोडावा आणि दर्शन सगळ्यांना द्यावं. मावशीने हात वर केला.

"या, या," नभगुरू म्हणाले. "ह्यांचे यजमान डाव्या कोपऱ्यात असतात."

"ते परवा मधे आले होते," मावशी म्हणाली. "तर पंखच गेले."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. नभगुरूंनी डोळे मिटून मान हलवली. "सांगितलं होतं ना, मधे आणू नका? रुसले ते."

"आणि शेजारच्या ताऱ्याला पंख आले."

"जागा रिकामी झाली, दुसरा आला. वर काय गर्दी कमी आहे?"

टाळ्या पडल्या. गडी चांगलाच तयार होता, हे मलाही मान्य करावं लागलं.

"बरं," मावशी म्हणाली. हा 'बरं' ज्या पोरांनी भूगोलाच्या तासाला ऐकलाय त्यांना पुढे काय येतं ते माहीत आहे. "म्हणजे पंख फक्त ताऱ्यांनाच येतात?"

"फक्त ताऱ्यांना. दिव्याच्या खांबाला येत नाहीत."

हॉलमध्ये अंधारच होता. मावशीने कॅमेरा तिपाईवर ठेवला, जोडला आणि आकाशाकडे नाही, तर भिंतीवरच्या स्पीकरकडे वळवला. स्पीकरवर एक बारीक हिरवा दिवा होता, डाळीच्या दाण्याएवढा. पडद्यावर तो मधे दिसला: हिरवा ठिपका. मावशीने कॅमेरा हळूहळू फिरवला. ठिपका सरकत सरकत कोपऱ्याकडे निघाला, लांबट झाला, फुगला, आणि डाव्या कोपऱ्यात पोचता पोचता त्याने ऐटीत दोन हिरवे पंख पसरले.

"ह्या स्पीकरमध्ये कोण वारलंय?" मावशीने विचारलं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. नभगुरू म्हणाले, "यंत्रातसुद्धा चैतन्य असतं..." पण आवाजातलं लोणी जरा खारट झालं होतं. "मग माझ्या फ्रिजमध्ये सासरे असतील काय हो?" भिंतीला टेकलेल्या एका गृहस्थांनी मनापासून विचारलं, आणि सगळा हॉल फुटला.

मावशी हसली नाही. तिने लेन्सच्या गळ्याची काळी पट्टी नखाने सोलून काढली. खाली एक कडं होतं, फिरणारं. "ह्या कड्याने आतलं छिद्र लहानमोठं होतं," ती वर्गात बोलावं तशी बोलत होती. "पूर्ण उघडं ठेवलं की काचेच्या अगदी कडेचा प्रकाशही आत येतो. आपली लेन्स स्वस्तातली आहे, कोपऱ्यातून तिरक्या आलेल्या कडेच्या प्रकाशाला ती एका बिंदूवर आणू शकत नाही. तो पसरतो. ते पंख. आता छिद्र लहान करते. बघा."

तिने कडं फिरवलं. पडद्यावरचे हिरवे पंख मिटू लागले आणि थोड्याच वेळात कोपऱ्यात साधा हिरवा ठिपका उरला.

"ज्याला पंख कुठे येतात आणि कशाने जातात हे ठाऊक नाही, तो 'मधे आणू नका' आणि 'पट्टी काढू नका' असं सांगेल का?" तिने नभगुरूंकडे वळून विचारलं.

नभगुरू खाली बसले. जाकिटाच्या खिशात हात घालू लागले, पण कुठल्या खिशात घालावा ते त्यांना सुचेना. "बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माणसासारखा आवाज निघाला, "मी खरंच लेन्स निवडायला शिकवायचो. कोपऱ्यात तारे फाटतात ती घेऊ नका, हेच शिकवायचो. कुत्रं फिरकत नव्हतं. एकदा तसला एक फाटका फोटो दाखवला, उदाहरण म्हणून, तर एक बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, हा माझा मुलगा. मी नाही म्हणू शकलो नाही. पुढच्या वेळी हॉल भरला."

"नाही म्हणायला हवं होतंत."

"लोकांना बरं वाटायचं हो. मी कुणाचं काय वाईट केलं?"

"मी जन्मभर ज्या प्रवासाची वाट पाहिली, तो मी तुमच्या फाटक्या काचेसाठी रद्द करणार होते," मावशी म्हणाली. "मेलेल्या माणसाला तुम्ही माझ्या गच्चीला बांधलंत, आणि मला त्याला."

लोक उठून जिना उतरू लागले. काही चिडून, काही ओशाळून. फ्रिजवाले गृहस्थ लेन्सचे पैसे परत मागायला थांबले. मला वाटलं, झालं, कथा संपली. पण बेकरीवाल्या बाई खुर्चीतच बसून होत्या. त्यांचा धाकटा भाऊ उजव्या खालच्या कोपऱ्यात असायचा. दर आठवड्याला त्या भट्टी तासभर नोकराच्या हवाली करून त्याला भेटायला यायच्या.

"तुम्ही शिकलेल्या," त्या मावशीला म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुम्हाला खरं-खोटं कळतं. पण आता मी कुठे बघू? माझ्याकडचा कोपरा काढून घेतलात तुम्ही."

खोटं उघडं पाडायला एक हिरवा दिवा पुरला, पण त्या खोट्याच्या जागी काय ठेवायचं, ते माझ्या दुकानात मिळत नाही. वाचकहो, आपण बुवाला हसतो आणि मोकळे होतो. बुवाकडे गेलेलं माणूस मूर्ख नसतं, ते एकटं असतं. त्याला खरं जरूर सांगा. प्रश्न विचारायला शिकवा, वस्तू मधे आणून बघायला शिकवा, पट्टी सोलायला शिकवा. पण सांगून झाल्यावर पाठ फिरवू नका, नाहीतर ते पुढच्या जिन्यावर चढेल. जिने काही कमी नाहीत.

मावशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "भाऊ कसा होता?" तिने विचारलं.

बेकरीवाल्या बाई सांगू लागल्या. तो पाव जाळायचा, गिऱ्हाइकांशी भांडायचा, शिट्टी फार सुंदर वाजवायचा. मावशीने मधे मधे विचारलं, मधे मधे हसली. खालून सोफे सरकवल्याचे आवाज येत होते. नभगुरू मुकाट्याने वायरी गुंडाळत होते. जाता जाता त्यांनी मावशीला एका लेन्सचं नाव सांगितलं, हलकी, उजेड भरपूर, तारे अगदी कोपऱ्यापर्यंत टोकदार. "ही खरी चांगली आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे मिळणार नाही."

"दुकानात तपासून घेईन," मावशी म्हणाली. "तुमच्या शब्दावर नाही."

मग ती बेकरीवाल्या बाईंकडे वळली. "माझ्याकडे दोघांचं बुकिंग आहे. वाळवंटात थंडी असते, स्वेटर लागेल. भाऊ तिथे दिसणार नाही, हे आधीच सांगते. माझे हेही दिसणार नाहीत. तारे दिसतील, आणि त्यांच्याबद्दल बोलायला आपण दोघी असू. येता?"

बाईंनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"भट्टी बंद ठेवावी लागेल," त्या म्हणाल्या.

"ठेवा."