खांदे माझे होते

मी बोलतेय. खरं तर ‘बोलतोय’ म्हणायला हवं, कारण जन्माने मी कोट, आणि कोट म्हटला की तो. पण आता माझी पिशवी झालीय, आणि पिशवी म्हटली की ती. माणसाचं नुसतं नाव बदललं तरी केवढा घोळ होतो. माझं तर व्याकरणच बदललं. तुम्हाला काय समजायचं ते समजा. राग मात्र माझा तेव्हा होता तोच आहे.

जिन्याखालच्या एका अरुंद दुकानात म्हाताऱ्या शिंपीबाबांनी मला शिवलं. गडद निळी लोकर, आत राखी अस्तर. लोकरीचा एक गुण आहे, ती भडकन पेटत नाही. आतल्या आत धुमसत राहते. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय.

ज्यांच्यासाठी मला शिवलं त्यांना सगळी गल्ली ‘साहेब’ म्हणायची. कचेरीत ते काही साहेब नव्हते, चारांतले एक होते. पण घरी-दारी त्यांना तसं म्हटलेलं आवडायचं, म्हणून लोक म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे. त्यांचे खांदे इतके उतरते होते की अंगावरचा शर्टसुद्धा घसरतोय असं वाटायचं. शिंपीबाबांनी मापं घेताना ते पाहिलं आणि एका शब्दाने न बोलता माझ्या खांद्यांत दुहेरी पॅड बसवले. मला घालून साहेब आरशासमोर उभे राहिले तेव्हा आरशात वेगळाच माणूस होता. भारदस्त, रुंद, कुणीही वाट करून द्यावी असा.

“बरं शिवलंय,” साहेब म्हणाले, “पण खांद्यात जरा गडबड वाटतेय.”

शिंपीबाबा म्हणाले, “खांदे अगदी बरोबर आहेत, साहेब.” कुणाचे, ते काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर साहेबांनी पहिलं काम काय केलं? ब्लेड घेतलं आणि माझ्या मानेखालची शिंपीबाबांच्या नावाची पट्टी कापून काढली. दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितलं, परदेशातून आणलाय. माझ्या बापाचं नाव असं कचऱ्याच्या डब्यात गेलं. त्या दिवसापासून मी मनात गाठ मारली.

पण मी कोट. कोट काय करणार? फार तर हँगरवरून खाली पडणार.

घरात साहेबांची बायको होती आणि एक मुलगी, छकुली. छकुलीच्या आईला शिवणाची जात्याच आवड. लग्नात तिने आपल्या आईचं शिवणयंत्र बरोबर आणलं होतं. साहेबांनी ते कधीच भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. म्हणे, “सुट्टीच्या दिवशी डोक्यात टकटक नको. बाजारात सगळं तयार मिळतं.” ते तयार कपडे मात्र साहेबांसाठीच यायचे. कपाट त्यांच्या कपड्यांनी ठासून भरलेलं, रेघांचे शर्ट, पांढरे शर्ट, तपकिरी पँट, राखी पँट, रेशमी टाय. छकुलीच्या आईचे कपडे एका खणात मावायचे, तोसुद्धा अर्धा रिकामा.

एकदा कचेरीतल्या कुणाच्या तरी घरी जेवण होतं. दुपारी तिने ओल्या फडक्यावरून मला इस्त्री केली, कॉलरीचा कोपरान्‌कोपरा बसवला. स्वतः तिचा तोच नेहमीचा विटका पोशाख घातला. दुसरा होता कुठे? त्या घराच्या पायऱ्या चढताना साहेब मागे वळले आणि हळूच म्हणाले, “आत गेल्यावर जरा लांब उभी राहा. तुझ्याबरोबर चारचौघांत जायची लाज वाटते मला.”

मी त्यांच्या अंगावर होतो. ऐकून न ऐकल्यासारखं करायलाही मला जागा नव्हती. ती लांब उभी राहिली. सगळा वेळ. छकुलीचा हात धरून.

त्यानंतर काही महिन्यांनी साहेब घर सोडून गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी दुसरं बिऱ्हाड मांडायचं ठरवलं होतं, एका दुसऱ्या बाईबरोबर. छोटी बॅग भरली, दारात बूट घालता घालता म्हणाले, “बाकीचे कपडे सवडीने नेईन. आणि तो निळा कोट नीट ठेव. त्याला हात लावू नकोस.”

छकुलीच्या आईने त्यांना जाऊ दिलं. दार लावलं, कपाटाला किल्ली लावली, आणि आम्ही आत अंधारात लटकत राहिलो. पँट्स म्हणाल्या, येतील न्यायला. मी म्हटलं, येऊ देत की. वाट बघायला मला वेळच वेळ होता.

थंडी आली. छकुलीचे कपडे तोकडे झाले, मनगटं उघडी पडायला लागली. साहेबांकडून काही येईना. शेवटी एका सकाळी आईने फोन लावला. मुलीला दोन गरम कपडे घ्यायला हवेत, एवढंच म्हणाली. पलीकडून साहेबांचा आवाज इतका चढला की कपाटाच्या दारातून मलाही ऐकू आला.

“जुन्यातून शिव ना काहीतरी! एवढी हौस होती ना शिवणाची?” आणि हसले.

तिने फोन ठेवला.  मग किल्ली फिरली. कपाट उघडलं. तिचा चेहरा रडवेला असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. बाजारात भाजीच्या ढिगातून जुडी निवडणाऱ्या बाईचा असतो तसा होता, थंड आणि चोखंदळ.

“जुन्यातून,” ती आम्हाला म्हणाली. “बरं.”

वरच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. नात्याच्या नव्हे, सगळ्या गल्लीच्या मावशी. त्यांचं शिवणयंत्र धूळ खात पडलं होतं. दोघींनी मिळून ते जिन्यावरून खाली आणलं. तेलपाणी केलं, सुई बदलली, आणि त्या घरात पुन्हा टकटक सुरू झाली. काय सांगू, कानाला किती गोड लागली!

आधी रेघांचा शर्ट गेला. त्याचा छकुलीला फ्रॉक झाला. बटणांची पट्टी तशीच ठेवून पाठीकडे घेतली, बाह्या कापून त्यांच्या चुणीदार झालरी केल्या. त्यावर घालायला साहेबांच्याच जुन्या स्वेटरचं लांब बाह्यांचं जाकीट झालं. मग तपकिरी पँटची खुर्चीवरची उशी झाली, आणि पँटची चेनच उशीची चेन झाली. ते पाहून मावशी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. “अगं पोरी,” त्या म्हणाल्या, “आता जो येईल तो साहेबांच्या नको तिथे बसणार!”

“बसू देत,” ती म्हणाली. दातांत टाचणी होती, तरी ती हसली. ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

राखी पँटच्या एका पायाची मावशींना भाजीची पिशवी झाली. ती पाहून कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईने एप्रन मागितला. दोन पांढरे शर्ट एकत्र करून तोही झाला. न्हाव्याच्या कुत्र्याच्या गळ्यात रेशमी टाय गेला. मग बायका आपापल्या घरचं जुनंपानं घेऊन यायला लागल्या आणि छकुलीच्या आईला हात रिकामा मिळेना. पण दुसऱ्यांचं काम आटपलं की ती पुन्हा साहेबांच्या कपाटाकडे वळायची. दिवसाचा शेवटचा टाका तिथलाच असायचा.

माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. तिने मला टेबलावर पालथं घातलं. कात्री दिसली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी शहारलो. पण तिने आधी कात्री लावलीच नाही. माझी प्रत्येक शिवण बारीक सुरीने उसवली, धागा न्‌ धागा. शिंपीबाबांची टीप इतकी घट्ट होती की तिला अर्धा दिवस लागला. “शिवणारा कोण होता कोण जाणे,” ती मावशींना म्हणाली, “पण हात देवाचा होता.” बापाची आठवण त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच काढली. मग मी म्हटलं, काप. खुशाल काप. फक्त असं काहीतरी कर की ते बघतील.

माझ्या पाठीची आणि पुढच्या भागांची पिशवी झाली, बाह्यांचे बंद झाले. कॉलर तिने तोंडाशी झाकणासारखी बसवली. आतला खिसा बाहेर आला. आणि खांद्यांतले ते दुहेरी पॅड? त्यांना कापडी खोळ घालून तिने चुलीजवळ टांगले, गरम भांडी उतरवायला.

आणि एका दुपारी साहेब आले.

दार उघडल्यावर मी खुंटीवरून त्यांना पाहिलं. माझ्याशिवाय ते किती छोटे दिसत होते! त्यांच्या अंगात साधा शर्ट होता आणि खांदे पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखे उतरलेले.

“कपडे न्यायला आलोय,” ते म्हणाले. “परवा तिच्याकडची माणसं भेटायला येणार आहेत. निळा कोट लागेल. इस्त्री केलीयस ना?”

“बसा,” छकुलीची आई म्हणाली. “चहा टाकते.”

साहेब बसले. कशावर, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने चुलीवरून उकळतं भांडं उतरवलं, दोन्ही हातांत माझे खांदे धरून, आणि त्यांच्यासमोर चहा ओतला. तेवढ्यात छकुली आतून आली. बापाला पाहून दारातच थबकली.

“अरे वा,” साहेब म्हणाले, “फ्रॉक छान आहे गं! कुठून आणला?”

“तुमचाच आहे, बाबा.”

साहेब हसले. मग हसणं थांबलं. त्यांनी फ्रॉकच्या रेघा पाहिल्या. छकुलीने पाठ वळवून बटणं दाखवली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पडदाही त्यांच्याच शर्टांचा निघाला. मग बुडाखाली काहीतरी टोचतंय म्हणून हात घातला आणि हाताला चेन लागली. असे उठले, जणू निखाऱ्यावरच बसले होते. धावत जाऊन कपाट उघडलं. आत नुसते हँगर, एकमेकांवर आपटून वाजणारे.

“माझा कोट! माझा कोट कुठाय?”

तिने मला खुंटीवरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. “हा घ्या.”

ते बघतच राहिले. माझी कॉलर उचलून पाहिली, खिशात बोटं घातली. त्यांची बोटं माझ्यात खांदे शोधत होती. ते मला जाणवलं, आणि खरं सांगते, त्या शोधण्यासाठी मी पुन्हा दहा वेळा कापून घेईन.

“कुणी सांगितलं होतं तुला हे?”

“तुम्हीच. जुन्यातून शिव म्हणालात ना?”

“मी… मी तुला सोडणार नाही!”

“सोडलंत की,” ती म्हणाली. “केव्हाच.”

तिने मला त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं. “चहा घ्या, निवतोय.” साहेबांनी चहा घेतला नाही.

पण खरी गंमत पुढे होती. ते तणतणत खाली उतरले, आणि खाली सगळी गल्ली होती. मावशी राखी पँट खांद्याला लावून भाजी घेत होत्या. बेकरीवाली पांढऱ्या एप्रनला हात पुसत दारात आली; छातीवर त्यांचाच खिसा होता, त्यांच्याच पेनाच्या डागासकट. न्हाव्याचा कुत्रा टाय मिरवत पायात घोटाळला. ओळखीचा वास आला असणार, प्रेमाने चाटायला लागला.

“काय साहेब, इतक्यात निघालात?” मावशी ओरडल्या. “अहो, तुमची आठवण आम्ही अगदी अंगाखांद्यावर बाळगलीय!”

गल्ली हसली. त्यांच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर. साहेब मान खाली घालून कोपऱ्यापर्यंत गेले, मग चक्क पळाले. मी खिडकीतून पाहिलं, कारण छकुलीच्या आईने मला खांद्याला लावलं होतं. ती हसत नव्हती. फक्त साहेब दिसेनासे झाले तशी खिडकीपासून बाजूला झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी तर संपवली होती.

संध्याकाळी तिने छकुलीचं अंथरूण झटकायला गादी उचलली. खाली एक शर्ट होता. फिकट निळा, न धुतलेला, कॉलर मळकी. कपाटातून तो कधी नाहीसा झाला, आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. कात्री टेबलावरच होती, हाताच्या अंतरावर. मी खुंटीवरून जीव तोडून ओरडत होते, काप! हाच तर राहिलाय, काप!

छकुली दारात उभी होती. “तो नको ना गं, आई.”

“का?”

“त्याला अजून बाबांचा वास येतो.”

आई गादीच्या कडेवर बसली. दुपारी ज्या बाईचा हात जरासुद्धा हलला नव्हता, तिला तो शर्ट धड घडी करता येईना. एक बाही सारखी निसटत होती. शेवटी छकुलीनेच पुढे येऊन बाही धरली. दोघींनी मिळून घडी केली आणि जिथे होता तिथेच ठेवून दिला.

“धुऊ नकोस हं,” छकुली म्हणाली.

“नाही धुणार.”

आता मी तिच्या खांद्याला असते. पोटात मोजपट्टी, खडू, दोऱ्याची रिळं. दारोदार फिरते, लोक कौतुक करतात. साहेब पुन्हा आले नाहीत. गल्ली म्हणते, छान जिरवली. छकुलीची आईही हल्ली त्यांचं नाव काढत नाही. तिच्या मनातून तो राग बहुतेक गेलाय.

माझ्या नाही गेलेला. माणसं विसरतात, त्यांचं त्यांनी बघावं. लोकर विसरत नाही. मी कापडाच्या जातीची आहे, कापडाचं मला कळतं. कुठल्याही कापडात वास कायमचा राहत नाही. आज थोडा उडतो, उद्या थोडा. कधीतरी एका सकाळी छकुली गादी उचलेल, शर्ट नाकाशी धरेल, आणि त्यात नुसतं कापड असेल. त्या दिवशी ती तो आपल्या हाताने आईच्या टेबलावर, कात्रीशेजारी, आणून ठेवील.

तोवर माझे बंद टिकोत, एवढंच मागणं आहे.