डाव्याविना उजवा

काचेच्या पेटीतून मी उजवा बूट बोलतोय. नुसता उजवा. डावा कुठे आहे ते मला विचारू नका, कारण तेच मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतोय आणि कुणाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही.

या संग्रहालयात बायकांच्या पादत्राणांचा इतिहास मांडलाय. माझ्या एका अंगाला सोनेरी टाचेची नाजूक चप्पल, दुसऱ्या अंगाला कुणा नटीचा गुडघ्यापर्यंतचा बूट आणि मध्ये मी, काळा, जाडजूड, नाडीवाला. माझ्यापुढे पाटी आहे : ‘उंच तळव्याची फॅशन. त्या काळातल्या धीट तरुणीची निवड.’ ती वाचून मुली माझे फोटो काढतात. मी चक्रावून जातो. फॅशन? मी? आणि धीट कोण, ती? अहो, मला लपवण्यात त्या बाईची उभी हयात गेली!

मुळापासून सांगतो. मला बनवणारा म्हातारा कारागीर फॅशनबिशनच्या वाटेला जाणाऱ्यातला नव्हता. एक दिवस एक बाप आपल्या मुलीला घेऊन त्याच्याकडे आला. मुलगी नुकतीच कामाला लागलेली. लहानपणी आलेल्या तापात तिचा उजवा पाय वाढायचा राहिला होता, डाव्यापेक्षा चार बोटं आखूड. म्हाताऱ्याने कागदावर तिची दोन्ही पावलं आखून घेतली. मग आखूड पायाखाली तो एकेक पातळ फळी सरकवत गेला, तिचे दोन्ही खांदे एका रेषेत येईपर्यंत. तेवढ्या उंचीचे बुचाचे थर त्याने माझ्या तळाला लावले. म्हणून मी उंच. डावा आपला चारचौघांसारखा.

“फार दिसेल का हो?” मुलीने विचारलं.

“चालताना नाही दिसायचं,” म्हातारा म्हणाला. “उभी राहिलीस की दिसेल.”

तेव्हापासून ती कुठे उभी म्हणून राहिली नाही.

ती एका फोटो स्टुडिओत कामाला होती. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी वर करायची, कॉलर नीट करायची, रडक्या पोराला खुळखुळा दाखवायचा. सगळ्या जगाला ताठ बसवणारी ही बाई स्वतःच्या फोटोची वेळ आली की झटकन खुर्चीमागे जायची. “कमरेपर्यंतच घ्या हं,” हे ठरलेलं. बहिणीच्या लग्नाच्या फोटोत ती आहे, मी नाही. मालकांनी दुकानातल्या सगळ्यांचा फोटो काढला, त्यातही ती आहे, मी नाही. आमच्यावर कायम पायघोळ कपड्याची झालर.

आणि रोज संध्याकाळी पॉलिश मात्र आधी मला! डाव्याला उरलंसुरलं. यातलं मला काडीचं कळत नसे. मी आवडतो म्हणावं, तर लपवते का? माझी लाज वाटते म्हणावं, तर इतकं चमकवते कशाला? डाव्याला विचारलं, तर तो म्हणायचा, “तू फार विचार करतोस. चाल.”

तळवे झिजले, नवा जोड आला आणि आम्ही दोघं कपाटाच्या तळाशी खोक्यात गेलो. बरीच वर्षं तिथे अंधारात पडून होतो. मग संग्रहालयाला बायकांची जुनी पादत्राणं हवी असल्याचं तिच्या भाचीच्या कानावर आलं. “ने बाई, तेवढीच जागा होईल,” मावशी म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला ते लागलं.

इथे आल्यावर कळलं, जागा कमी, म्हणून प्रत्येक जोडातला एकच मांडायचा. मी वेगळा दिसतो म्हणून मला वर ठेवलं आणि डाव्याला खोक्यातच. पाटी लिहिणारे साहेब मागाहून आले. त्यांनी मला एकट्यालाच पाहिलं. डावाही असाच उंच असणार, असं ते धरून चालले.

परवा दालनात पावलं वाजली. एक जड, एक हलकं. मी ओळखलं! तिचे केस पार पांढरे झाले होते, पण चाल तीच. सोबत भाची. पेटीसमोर दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्याच.

भाचीने पाटी वाचली आणि ती भडकली. “मावशी, हे काय लिहून ठेवलंय! थांब, मी आत्ता जाऊन सांगते.”

“थांब गं. मला पुन्हा वाचू दे. धीट तरुणी!” मावशी हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली. ही हसतेय की रडतेय, मला काही उमगेना.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “आजी, तुमच्या वेळी खरंच असले बूट घालायचे?”

माझा जीव टांगणीला लागला. पाटी खोटी होती, पण काय झकास होती! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मला ती पुन्हा एकदा झाकणार, अशी माझी खात्रीच झाली.

मावशीने दोन बोटांनी कपड्याची कड वर उचलली. खाली उजव्या पायात नवा उंच बूट, डाव्या पायात साधा. मुलीने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला. “सॉरी आजी, आम्हाला वाटलं…”

“सॉरी कशाला? माझाच आहे तो. भारी आहे ना?”

मग ती भाचीला म्हणाली, “याच्याशेजारी माझा फोटो काढ.” भाचीने सवयीने मोबाइल वर धरला. “कमरेपर्यंत नको. पायांसकट.”

जाताना तिने दारावरच्या माणसाला विचारलं, “याचा डावा कुठे आहे हो? याला एकट्याला ठेवू नका.” तो म्हणाला, “विचारतो, बाई.”

अजून विचारतोच आहे. पाटी तीच आहे, डावा आलेला नाही आणि मी फॅशन आहे की आधार, याचा माझ्या डोक्यात गुंता तसाच आहे. तुम्ही इथे आलात तर पाटी खुशाल वाचा, पण दारावर डाव्याची चौकशी तेवढी करा. त्याला सांगायचंय मला. तिने पायांचा फोटो काढून घेतला म्हणावं. एक धड येईना, म्हणून पुन्हा पुन्हा काढायला लावला. आणि भाचीचे हात दुखेपर्यंत ती माझ्याशेजारी उभी होती.